चित्र जागेवरून का पळतं? बायबलच्या अनुवादात चित्रांचा आकार आणि जागा कशी ठरते

वर्डमध्ये एक फोटो टाकायचा, तो जरासा डावीकडे सरकवायचा, आणि बघता बघता सगळा रिपोर्ट विस्कटायचा! हेडिंग खालच्या पानावर, टेबल अर्धं कापलेलं, आणि एक पान चक्क कोरं. कॉलेजात प्रोजेक्ट रिपोर्ट केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

आता हेच काम ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय असलेल्या ग्रंथात करायचं आहे असं समजा. प्रोटेस्टंट परंपरेतल्या बायबलचा पसारा एवढा असतो. पान दोन कॉलमचं, प्रत्येक वचनाला नंबर, खाली तळटीपा, आणि मधूनमधून चित्रं. शिवाय मजकूर अनुवादाचा, म्हणजे छपाईच्या आदल्या महिन्यापर्यंत त्यात बदल होत राहणार. अशा वेळी माउसने चित्र ओढून जागेवर ठेवण्याची पद्धत टिकत नाही. मग हे लोक काय करतात?

या लेखात आपण तेच बघू: चित्राची जागा मजकुरात कशी नोंदवतात, आकार बदलला की पानाचं गणित कसं बदलतं, आणि चित्र चुकीच्या जागी गेलं तर नेमकं काय बिघडतं. धर्म कुठलाही असो, किंवा धर्माशी संबंध नसो, मोबाइल आणि कॉम्प्युटरवर मजकूर-चित्रांची मांडणी कशी चालते हे समजायला हे उदाहरण फार छान आहे.

आधी एक गोष्ट: चित्र 'ठेवायचं' नसतं, 'बांधायचं' असतं

बायबलचे अनुवादक बहुतेक वेळा पॅराटेक्स्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. युनायटेड बायबल सोसायटीज आणि एसआयएल या दोन संस्थांनी मिळून ते तयार केलं आहे. त्यातला मजकूर यूएसएफएम नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवला जातो.

नाव ऐकून घाबरू नका. यूएसएफएम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, ज्यात उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, देऊन छोट्या खुणा केलेल्या असतात. अध्याय सुरू झाला की एक खूण, वचन सुरू झालं की दुसरी, परिच्छेदाला तिसरी. एचटीएमएलमध्ये टॅग असतात ना, तसंच. मजकुरात कुठेही 'हे अक्षर १० पॉइंटचं' किंवा 'हे पान इथे संपतं' असं लिहिलेलं नसतं. मजकूर म्हणजे काय, एवढंच फाइल सांगते. तो दिसेल कसा, हे नंतर ठरतं.

चित्रासाठी यात 'फिग' नावाची खूण आहे. तिच्या आत ही माहिती भरता येते (प्रत्यक्षात ही नावं रोमन लिपीत टाइप करतात):

- चित्राखालची ओळ, म्हणजे कॅप्शन
- सोर्स: चित्राच्या फाइलचं नाव
- साइझ: एका कॉलमच्या रुंदीचं की दोन्ही कॉलमवर पसरलेलं. यासाठी 'कॉल' आणि 'स्पॅन' असे दोन शब्द आहेत
- रेफ: कॅप्शनजवळ छापायचा संदर्भ, उदाहरणार्थ १:१८
- लोक: कुठल्या वचनापासून कुठल्या वचनापर्यंत हे चित्र टाकलेलं चालेल
- कॉपी: चित्राचे हक्क कोणाचे
- ऑल्ट: चित्रात काय आहे याचं शब्दांतलं वर्णन, जे छापलं जात नाही

उदाहरण घेऊ. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायातल्या १८व्या वचनात कोळी आपली जाळी टाकून येशूच्या मागे निघतात. त्या प्रसंगाचं चित्र असेल, तर त्याची खूण १८व्या वचनाजवळ टाकायची, साइझ 'कॉल' किंवा 'स्पॅन' लिहायचा, रेफमध्ये १:१८ लिहायचं. झालं.

यात गंमत काय आहे बघा. 'पान ९३, वरून ४ सेंटिमीटर' असं कुठेच लिहिलेलं नाही. चित्र पानाला नाही, वचनाला बांधलं आहे. उद्या अनुवादकाने १२व्या वचनात दोन शब्द वाढवले आणि १८वं वचन पुढच्या पानावर गेलं, तर चित्रही त्याच्या मागोमाग जातं. ओढाताण नाही. आपण कोडमध्ये पत्ता हार्डकोड न करता व्हेरिएबल वापरतो, त्यातलाच हा प्रकार.

मग पान कोण बनवतं?

खुणा केलेल्या फाइलपासून छापायची पीडीएफ बनवायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक म्हणजे इनडिझाइनसारखं व्यावसायिक डीटीपी सॉफ्टवेअर, जिथे ऑपरेटर पानं लावतो. दुसरा म्हणजे पीटीएक्सप्रिंट. हे एसआयएलचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पॅराटेक्स्टमधला मजकूर घेतं आणि पानं आपोआप लावून देतं.

पीटीएक्सप्रिंटच्या पोटात झीटेक नावाचं इंजिन आहे. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाने गणिताची पुस्तकं नीट छापता यावीत म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेक नावाची प्रणाली बनवायला घेतली. एसआयएलमध्ये काम करणाऱ्या जोनाथन क्यू यांनी २००४मध्ये तिची झीटेक ही आवृत्ती आणली. ती युनिकोड आणि आधुनिक फॉन्ट थेट समजून घेते. म्हणजे 'क्ष', 'त्र', 'र्‍या' यांसारखी जोडाक्षरं जुन्या फॉन्टांसारखी तुकड्यातुकड्यांनी टाइप न करता बरोबर छापली जातात. मराठीसकट अनेक भाषांना याचा फायदा झाला.

पीटीएक्सप्रिंटमध्ये चित्रांची एक वेगळी यादी ठेवता येते. यादीतल्या प्रत्येक ओळीत वचनाचा संदर्भ, फाइल, आकार, पानावरची जागा आणि किती पट लहान करायचं हे लिहिता येतं. यादी वेगळी ठेवण्याचा फायदा मोठा आहे. मांडणी करणाऱ्याला अनुवादाच्या मूळ मजकुराला हातच लावावा लागत नाही. वर्षानुवर्षं तपासून पक्क्या केलेल्या मजकुरात चुकून एखादा काना-मात्रा उडण्याची भीती राहत नाही. आणि त्याच मजकुरातून एक खिशातली आवृत्ती, एक मोठ्या अक्षरांची आणि एक बिनचित्रांची आवृत्ती काढता येते.

चित्र बसायच्या जागा किती?

दोन कॉलमच्या पानावर मोजून काहीच जागा चांगल्या असतात:

१. पानाच्या वर, दोन्ही कॉलमवर पसरून
२. पानाच्या तळाला, दोन्ही कॉलमवर पसरून
३. डाव्या किंवा उजव्या कॉलमच्या वरच्या टोकाला
४. डाव्या किंवा उजव्या कॉलमच्या तळाला
५. जिथे खूण आहे तिथेच, किंवा तो परिच्छेद संपल्यावर लगेच
६. मजकुरात खाच पाडून, म्हणजे शब्द चित्राच्या बाजूने वळवून
७. स्वतंत्र पूर्ण पान

पहिल्या चार प्रकारांना 'तरंगती' चित्रं म्हणतात. खूण १८व्या वचनाजवळ असली तरी चित्र त्याच पानाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला जाऊन बसतं. वाचताना मजकूर मधेच तुटत नाही, म्हणून बहुतेक पुस्तकांत हेच वापरतात.

पाचवा प्रकार दिसायला सोपा, पण दगा देणारा. पान संपायला तीन ओळी उरल्या आहेत आणि तिथेच दहा ओळींचं चित्र आलं, तर ते मावत नाही. मग ते पुढच्या कॉलममध्ये उडी मारतं आणि मागे तीन ओळींची कोरी जागा सोडतं. वर्डमधली ती कोरी पानं आठवली ना? कारण अगदी हेच असतं.

सहावा प्रकार, शब्द वळवण्याचा, मासिकात छान दिसतो. पण अरुंद कॉलममध्ये मराठीसाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. ५८ मिलिमीटरच्या कॉलममध्ये २५ मिलिमीटरचं चित्र बसवलं, तर मजकुराला जेमतेम ३० मिलिमीटर उरतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'शिष्यांबरोबरच्या' हा एकच शब्द अर्धी ओळ खाऊन टाकतो. ओळी दोन्ही कडांना जुळवायच्या असतील, तर शब्दांमध्ये भलीमोठी भगदाडं पडतात. एका कॉलमच्या रुंद पानावर मात्र हा प्रकार चालतो.

आकाराचं गणित: पाव, अर्धं, पाऊण

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. समजा, पुस्तक ए५ आकाराचं आहे, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे समास सोडून मजकुराची रुंदी १२१ मिलिमीटर. मध्ये ५ मिलिमीटरची फट सोडली की प्रत्येक कॉलम ५८ मिलिमीटरचा. अक्षर ९.५ पॉइंटचं आणि ओळीपासून ओळीचं अंतर १३ पॉइंट, म्हणजे सुमारे ४.६ मिलिमीटर. हे अंतर इंग्रजीपेक्षा थोडं सढळ ठेवावं लागतं, कारण देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, तर खाली उकार असतात. ते एकमेकांत घुसू नयेत. अशा पानावर प्रत्येक कॉलममध्ये ३८ ओळी बसतात, म्हणजे एकूण ७६.

आता ४:३ प्रमाणातलं एक चित्र घ्या.

- दोन्ही कॉलमवर पसरलं तर: रुंदी १२१, उंची सुमारे ९१ मिलिमीटर. म्हणजे २० ओळी, अधिक कॅप्शनच्या २. दोन्ही कॉलममधून प्रत्येकी २२ गेल्या, एकूण ४४ ओळी. अर्ध्याहून जास्त पान संपलं!
- एका कॉलममध्ये बसवलं तर: रुंदी ५८, उंची सुमारे ४३.५ मिलिमीटर. १० ओळी आणि कॅप्शनच्या २. एकूण फक्त १२ ओळी.
- पसरलेलंच ठेवून पाऊणपट केलं तर: उंची ६८ मिलिमीटर. १५ अधिक २, म्हणजे १७, दोन्ही कॉलममिळून ३४ ओळी.

तिसऱ्या ओळीकडे परत बघा. चित्र पाऊणपट केलं की त्याचं क्षेत्रफळ जवळपास ५६ टक्क्यांवर येतं, म्हणून वाटतं की भरपूर जागा वाचली. पण पसरलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंना मजकूर जात नाही, तिथे पांढरी जागाच राहते. वाचतात त्या फक्त १० ओळी. जागा वाचवायची असेल तर क्षेत्रफळ नाही, उंची बघायची. आणि खरंच वाचवायची असेल तर 'स्पॅन'चं 'कॉल' करायचं.

चित्राची उंची पूर्ण ओळींच्या पटीत का धरली, असा प्रश्न पडला असेल. बायबलचा कागद फार पातळ असतो, बऱ्याचदा ४० जीएसएमच्या आत. ऑफिसच्या झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुसटशी दिसते. पुढच्या आणि मागच्या ओळी एकमेकींच्या बरोबर पाठीशी आल्या, तर ते खुपत नाही. पण चित्रामुळे ओळी अर्ध्या ओळीने घसरल्या, तर दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत मागची काळी सावली दिसते आणि वाचताना डोळे दुखतात. म्हणून चित्र अधिक कॅप्शन अधिक मोकळी जागा हे सगळं मिळून पूर्ण ओळींत बसवतात.

दोन-चार ओळींसाठी एवढा आटापिटा कशाला?

कारण छपाई सुट्या पानांची होत नाही. मोठ्या कागदावर एका वेळी बरीच पानं छापून त्याची घडी घालतात. त्याला प्रेसमध्ये 'फॉर्म' म्हणतात. १६ पानांचा फॉर्म नेहमीचा.

समजा, नवा करार लावून झाला आणि ३२४ पानं भरली. २० फॉर्म म्हणजे ३२० पानं. वरच्या ४ पानांसाठी एकविसावा फॉर्म घ्यावा लागेल आणि त्यातली १२ पानं कोरी जातील. ५,००० प्रती काढायच्या असतील तर हिशोब करा: प्रत्येक प्रतीत १६ पानं जास्तीची, म्हणजे एकूण ८०,००० पानं.

४ पानं म्हणजे आपल्या गणितात ४ × ७६ = ३०४ ओळी. एक पसरलेलं चित्र कॉलममध्ये आणलं की ३२ ओळी वाचतात. म्हणजे अशी दहा चित्रं बदलली की काम झालं. मजकुरातला एकही शब्द न कापता! पाऊणपटीचा मार्ग घेतला असता तर ३१ चित्रं लहान करावी लागली असती. प्रत्यक्षात प्रकरणांच्या शेवटी उरणाऱ्या जागेमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाज यायला हे पुरे. लहान भाषेत, मोजक्या पैशांत पुस्तक काढणाऱ्या गटासाठी हा फरक छोटा नाही.

पिक्सेल किती हवेत?

इथे मोबाइलवाल्यांची हमखास गफलत होते. स्क्रीनवर झकास दिसणारं चित्र छापल्यावर धुरकट का येतं?

छपाईत राखाडी छटांच्या चित्राला साधारण दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. काळ्या-पांढऱ्या रेघांच्या चित्राला ६०० किंवा जास्त, कारण रेघेच्या कडेचे दाते डोळ्याला लगेच दिसतात. आपल्या पानासाठी:

- कॉलमभर चित्र, ५८ मिलिमीटर: राखाडी छटांसाठी सुमारे ६८५ पिक्सेल रुंदी, रेघांसाठी सुमारे १,३७०
- पसरलेलं चित्र, १२१ मिलिमीटर: सुमारे १,४३० आणि २,८६०

म्हणजे एखादं चित्र कॉलममध्ये चांगलं दिसलं म्हणून ते दुप्पट मोठं करून चालेलच असं नाही. चित्र लहान करणं सुरक्षित, मोठं करणं धोक्याचं. सॉफ्टवेअर नसलेले पिक्सेल मनाने भरतं, खरी माहिती वाढत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली फाइल तर आधीच दाबून लहान केलेली असते. चित्र पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

रेघांची साधी चित्रं या कामात का आवडती आहेत, हे यावरून कळेल. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ॲनी व्हॅलोटॉन यांनी इंग्रजीतल्या 'गुड न्यूज बायबल'साठी सुमारे ५०० रेखाचित्रं काढली. १९६६मध्ये नवा करार आला आणि १९७६मध्ये पूर्ण बायबल. मोजक्या रेघा, चेहऱ्यांना नाक-डोळेही जवळजवळ नाहीत. अशी चित्रं लहान केली तरी त्यांतली हालचाल कळते. उलट, बारीक छटांनी भरलेलं तैलचित्र ५८ मिलिमीटरवर आणलं की गर्दीतली माणसं म्हणजे नुसते ठिपके होतात. त्यात पातळ कागदावर शाई थोडी पसरते, म्हणजे गडद भाग अजून गडद. म्हणून चित्र लहान करण्याआधी स्वतःला विचारायचं: यातला महत्त्वाचा चेहरा या आकारात ओळखू येईल का?

नसेल येत, तर लहान करण्याऐवजी कडा छाटायचा पर्याय आहे. मात्र दोन अटी. रुंदी आणि उंचीचं प्रमाण न मोडता छाटायचं. चित्र ताणून माणसं जाडी किंवा लांबुडकी करायची नाहीत. आणि चित्राच्या परवान्यात काटछाट चालते का, ते आधी वाचायचं. यूएसएफएममध्ये हक्कांसाठी वेगळी जागा आहे ती उगाच नाही. गुगलवर सापडलं म्हणजे छापायला मोकळं, असं नसतं.

चुकीची जागा म्हणजे चुकीचा अर्थ

इथपर्यंत तांत्रिक गोष्टी झाल्या. आता खरा मुद्दा.

लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय बघा. त्यात एकापाठोपाठ तीन दृष्टान्त आहेत: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि घर सोडून गेलेला मुलगा. मुलाला भेटायला धावत निघालेल्या बापाचं चित्र तरंगत तरंगत मेंढराच्या गोष्टीजवळ जाऊन बसलं, तर नव्या वाचकाला काय वाटेल? हा धावणारा माणूस मेंढपाळ आहे, असं! ज्याला गोष्ट आधीपासून माहीत आहे, तो मनात दुरुस्ती करून घेतो. पण ज्या भाषेत हे पुस्तक पहिल्यांदाच येतंय, तिथे वाचणारा कदाचित नुकताच वाचायला शिकलेला असतो. तो आधी चित्र बघतो आणि मग मजकूर लावतो. चित्राने चुकीचं सांगितलं, तर मजकुरावर घेतलेली सगळी मेहनत तिथे वाया जाते.

म्हणून ती 'लोक'ची नोंद महत्त्वाची. मेंढराच्या चित्राला १५:४ ते १५:७ एवढीच हद्द द्यायची. मांडणी करणाऱ्याला भाषा येत नसली तरी त्याला कळतं की चित्र याच्या बाहेर न्यायचं नाही. हो, मांडणी करणाऱ्याला ती भाषा येत नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

दुसरा धोका आरसा-प्रतिमेचा. मांडणीचा एक जुना संकेत आहे की चित्रातल्या माणसाचं तोंड पानाच्या आत, मजकुराकडे असावं. त्यामुळे उजव्या पानावरचं चित्र डाव्या पानावर गेलं की ते डावं-उजवं उलटवायचा मोह होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयही असते. पण शास्ते या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात एहूद नावाचा डावखुरा माणूस आहे. त्याने तलवार उजव्या मांडीला बांधलेली असते आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच बेतलेली आहे. चित्र उलटवलं की एहूद उजवा झाला आणि गोष्टच मोडली! आपल्याकडे तर आणखी एक अडचण: उलटवलेल्या चित्रात माणसं डाव्या हाताने जेवताना किंवा आशीर्वाद देताना दिसतात. चित्रात अक्षरं असतील तर ती उलटी होतात, हे वेगळंच.

फास पडतो तो असा

सॉफ्टवेअर आपोआप पानं लावतं तर माणूस कशाला हवा? एक मजेशीर कोडं बघा.

१८वं वचन पान ९३च्या शेवटच्या ओळीत आहे. त्याला बांधलेलं चित्र नियमाप्रमाणे पान ९३च्या वर बसवलं. त्याने १२ ओळी घेतल्या, म्हणून १८वं वचन ढकललं गेलं पान ९४वर. आता चित्र वचनासोबत हवं, म्हणून ते ९४वर न्यायचं. पण चित्र ९३वरून निघालं की तिथे जागा झाली, आणि १८वं वचन परत ९३वर आलं. मग चित्रही परत ९३वर... हा झाला अनंत लूप. त्या वचनाला तळटीप असेल तर तीही सोबत इकडून तिकडे उड्या मारते.

म्हणून अशी सॉफ्टवेअर एकदाच चालून थांबत नाहीत. एकदा पानं लावायची, काय कुठे गेलं ते नोंदवायचं, त्या नोंदीवरून परत लावायची, आणि स्थिर होईपर्यंत हेच करायचं. स्थिर झालंच नाही तर माणूस मध्ये पडतो. उपाय साधे असतात: चित्र वरून काढून तळाला टाकणं, 'स्पॅन'चं 'कॉल' करणं, दहा टक्के लहान करणं, किंवा खूण दोन वचनं अलीकडे-पलीकडे सरकवणं, अर्थात 'लोक'च्या हद्दीत राहून.

कामाचा क्रम

१. आधी मजकूर पक्का करा. अनुवाद बदलत असताना चित्रं बारीकसारीक हलवणं म्हणजे वाळूवर रांगोळी.
२. प्रत्येक चित्राला वचन, हद्द, कॅप्शन आणि हक्क या चार गोष्टी लिहून ठेवा.
३. सगळी चित्रं 'कॉल' किंवा 'स्पॅन' एवढ्याच दोन मापांत टाकून पहिली पीडीएफ काढा.
४. पहिल्या पानापासून शेवटाकडे जा. मागचं पान बदललं की पुढची सगळी हलतात, म्हणून उलट दिशेने दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.
५. चित्र आणि वचन एकाच वेळी डोळ्यांसमोर आहेत ना, बघा. समोरासमोरच्या दोन पानांवर असले तरी चालतं. पान उलटावं लागलं तर नाही.
६. कवितेच्या कडव्याच्या मध्ये चित्र येऊ देऊ नका. स्तोत्रसंहितेत हे विशेष जपा.
७. शेवटी पानांची संख्या फॉर्मच्या हिशोबात बसवा.
८. एक प्रूफ खऱ्या आकारात कागदावर काढा आणि ती भाषा बोलणाऱ्या माणसाला नुसतं चित्र दाखवून विचारा: इथे काय चाललंय?

आठवा मुद्दा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

आणि मोबाइलवर?

आता हेच पुस्तक ॲपमध्ये उघडा. एसआयएलचंच स्क्रिप्चर ॲप बिल्डर हे मोफत साधन यूएसएफएम फाइलपासून थेट मोबाइल ॲप बनवून देतं. पण ॲपमध्ये पानच नसतं! वाचक अक्षर मोठं करतो, फोन आडवा करतो, गडद थीम लावतो. 'डाव्या कॉलमच्या तळाला' या शब्दांना तिथे काहीच अर्थ नाही. मिलिमीटर जातात आणि स्क्रीनच्या रुंदीचे टक्के येतात. ऑल्टमधलं वर्णन कागदावर कधीच छापलं जात नाही, पण डोळ्यांनी न बघता टॉकबॅकसारखी सुविधा वापरणाऱ्याला चित्र कळायचं तर असंच वर्णन लागतं. म्हणून ते 'नंतर भरू' म्हणून सोडू नका.

सगळं बदललं तरी एक गोष्ट तीच राहते: कोणतं चित्र कोणत्या वचनाचं. ही नोंद मजकुरात नीट असेल, तर कागद, ॲप आणि उद्या येणारं आणखी काहीतरी, सगळीकडे चित्र आपल्या गोष्टीजवळच सापडेल. नसेल, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत सगळी चित्रं पुन्हा हाताने शोधून बसवावी लागतील.

पुढच्या वेळी वर्डमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये फोटो पळाला, तर माउसने ओढण्याआधी त्यावर क्लिक करा आणि तो कशाला बांधलाय ते बघा: ओळीला, परिच्छेदाला की पानाला. तिथली एक सेटिंग बदलली की निम्मी डोकेदुखी संपते.